कशाचा पाव? : शाब्दिक उदाहरणांतील अपूर्णांक आणि षष्ठी विभक्ती

१

शाब्दिक उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांच्या कक्षेत सहसा येत नाही. गणिताच्या पाठ्यपुस्तकातील तो एक किरकोळ मजकूर, त्याची भाषा म्हणजे संख्यांभोवती गुंडाळलेले वेष्टन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वेष्टन काढून टाकले की आतले गणित हाती येते आणि भाषेचे काम संपते, असे शिक्षकही विद्यार्थ्यांना सांगत असतात. अपूर्णांक व शेकडेवारी यांवरील उदाहरणांच्या बाबतीत मात्र ही समजूत टिकत नाही. तेथे गुणाकार-भागाकार बहुधा सोपा असतो. अडते ते ‘कशाचा?’ या प्रश्नापाशी. पाव हा नेहमी कशाचा तरी पाव असतो, आणि शेकडा वीस हे कोणत्यातरी शेकड्यातले वीस असतात. हे ‘कशाचा’ सांगण्याचे काम वाक्यातील षष्ठी विभक्ती करते. ती चुकीची लावली गेली की पुढील गणित कितीही निर्दोष असले तरी उत्तर चुकते.

या गोष्टीला केवळ शैक्षणिक कुतूहलाचे महत्त्व आहे असे नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ साली दाखल झालेली दुसरी प्रश्नपत्रिका, जी ‘सीसॅट’ या नावाने ओळखली जाते, आकलनाबरोबरच दहावीच्या पातळीचे अंकगणित विचारते. प्रश्न ८०, गुण २००. प्रत्येक प्रश्नास अडीच गुण, आणि चुकीच्या उत्तरास त्या गुणांच्या एक तृतीयांशाची वजावट. २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. तथापि तीत किमान ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या प्रश्नपत्रिकेतील यशाचा उमेदवारास काहीही उपयोग होत नाही. प्रश्नपत्रिका छापली जाते ती इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत. ज्याने अपूर्णांक मराठीत, तमिळमध्ये वा बंगालीत शिकले, त्याला ‘कशाचा?’ या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या भाषेच्या विभक्तीत शोधावे लागते. म्हणूनच या उदाहरणांचे वाचन हा भाषांच्या अभ्यासकांनीही लक्ष घालावा असा विषय ठरतो.

२

या विषयाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. भास्कराचार्यांचा (जन्म १११४) ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० साली पूर्ण झाला, आणि ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग. फैजीने १५८७ साली त्याचे फारसी रूपांतर केले, १८१६ साली टेलरचे आणि १८१७ साली कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर आले, मराठीत ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ १९७१ साली प्रसिद्ध झाले. या ग्रंथातील उदाहरणांची काव्यात्मता पुष्कळांनी वाखाणली आहे. त्यांच्या वर्गीकरणाकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही, आणि परीक्षार्थीच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट तीच आहे.

अपूर्णांकांची ही उदाहरणे ‘जातीं’मध्ये विभागलेली आहेत. पहिली दृश्यजाती. कमळांच्या एका राशीतील तृतीयांश शिवाला, पंचमांश विष्णूला, षष्ठांश सूर्याला आणि चतुर्थांश देवीला वाहिला. उरलेली ६ कमळे गुरूला अर्पण केली. तर एकूण कमळे किती? येथे चारही अंश एकाच राशीचे आहेत. राशी १२० धरली तर ४०, २४, २० आणि ३० मिळून ११४ होतात आणि ६ उरतात.

दुसरी शेषजाती. एका यात्रेकरूने जवळच्या द्रव्याचा अर्धा भाग प्रयागला दिला, उरलेल्याचे दोन नवमांश काशीत, त्यातून उरलेल्याचा चतुर्थांश वाटेतील जकातीत आणि त्यानंतर उरलेल्याचे सहा दशमांश गयेत खर्च केले. ६३ निष्क घेऊन तो घरी परतला. येथे प्रत्येक अंशाची षष्ठी निराळी आहे. म्हणून बेरीज करावयाची नसून शेष भागांचा गुणाकार करावयाचा. १/२, ७/९, ३/४ आणि ४/१० यांचा गुणाकार ७/६० येतो. ६३ ही मूळ राशीचे सात षष्ट्यंश असल्याने मूळ द्रव्य ५४० निष्क.

तिसरी विश्लेषजाती. भुंग्यांच्या थव्याचा पंचमांश कदंबावर गेला, तृतीयांश शिलींध्रावर, आणि या दोहोंच्या अंतराची तिप्पट कुटजाकडे; एकच भुंगा केतकी आणि मालती यांच्या सुगंधांमध्ये घोटाळत राहिला. थवा १५ भुंग्यांचा. अनुक्रमे ३, ५ आणि ६ गेले, १ उरला. येथे तिसऱ्या संख्येची षष्ठी थव्याला लागत नाही, तशीच ती शेषालाही लागत नाही. ती लागते दोन अंशांमधील फरकाला.

या तीन जाती म्हणजे षष्ठीचे तीन संबंध होत : मूळ राशीचा, शेषाचा आणि अंतराचा. परीक्षेतील बहुसंख्य उदाहरणे यांपैकी एखाद्या जातीत किंवा त्यांच्या मिश्रणात बसतात. जात ओळखण्यात चूक झाल्यास काय होते हेही याच उदाहरणांवरून दाखविता येते. यात्रेकरूचे उदाहरण दृश्यजातीचे समजून चारही अंशांची बेरीज केली तर ती एकाहून अधिक भरते. जवळ होते त्याहून अधिक द्रव्य खर्च झाले, असा विपरीत निष्कर्ष निघतो आणि चूक तत्काळ उघडी पडते. कमळांचे उदाहरण शेषजातीचे समजले तर मात्र फसगत होते. २/३, ४/५, ५/६ आणि ३/४ यांचा गुणाकार १/३ येतो, आणि ६ कमळे हा तृतीयांश मानल्यास उत्तर १८ मिळते. उत्तर पूर्णांकात आहे, दिसावयास नीटनेटके आहे, आणि चूक आहे. १८ मधून ६ कमळे वजा केली की १२ उरतात, आणि १२ चा पंचमांश काढताना कमळ मोडावे लागते. चार पर्यायांच्या प्रश्नात असा ‘१८’ हा पर्याय हटकून असतो. तो गणित न येणाऱ्यासाठी ठेवलेला नसतो. वाक्य चुकीचे वाचून पुढे बिनचूक गणित करणाऱ्यासाठी ठेवलेला असतो.

३

मराठी भाषकाच्या पदरी या कामासाठी मोठे भांडवल आहे. ‘तीन चतुर्थांश’ हा शालेय शब्द. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे व्यवहारातील शब्द. त्यांची व्युत्पत्ती पाहिली तर प्रत्येकात एक लहानसे गणित दडलेले आढळते. पाद म्हणजे पाव. पादोन म्हणजे पादाने ऊन, तो पाऊण. सपाद म्हणजे पादासह, तो सव्वा. द्व्यर्धापासून दीड आणि अर्धतृतीयापासून अडीच : दुसरा अर्धा तो दीड, तिसरा अर्धा तो अडीच. अर्धचतुर्थापासून आलेला ‘औट’ बोलीतून गेला, तरी देहाला ‘औट हात’ म्हणणाऱ्या संतवाङ्मयात आणि ‘औटकी’ या पाढ्याच्या नावात तो राहिला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या क्रमाने जुन्या शाळांत अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत असत.

या शब्दांचा विशेष असा, की ते आपला पाया बरोबर घेऊन येतात. ‘पावणेदोन’ मधील पाव हा एकाचा पाव आहे; ‘पावणेदोनशे’ मधील पाव हा शंभराचा; ‘पावणेदोन हजार’ मधील पाव हा हजाराचा. पुढील एकक बदलले की पावाचे मूल्य बदलते, आणि ते २०० मधून २५ वजा जाऊन १७५ होतात हे शेतावरच्या निरक्षर माणसालाही कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘सव्वाशे’ म्हणणारा माणूस शंभरावर २५ टक्के वाढ करीतच असतो. ‘टक्के’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडी नसतो.

शेकड्याची कल्पनाही परकी नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सपाद पण, म्हणजे सव्वा पण, हे धर्म्य व्याज सांगितले आहे. वर्षाचा हिशेब शेकडा १५ येतो. ‘लीलावती’तील व्याजाची उदाहरणेही महिना आणि शेकडा यांवरच बेतलेली आहेत. पुढे रुपयाचे सोळा आणे झाले तेव्हा पूर्णत्वाचे माप सोळा ठरले. ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पिकाची आणेवारी काढताना उत्तम पीक सोळा आणे धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात सांगत. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांहून कमी पैसेवारी म्हणजे टंचाई, असा महसुली प्रघात दीर्घकाळ चालला. येथेही वादाचा मुद्दा ‘कशाचे पन्नास पैसे?’ हाच असे. कोणत्या पिकाला पूर्ण पीक मानावयाचे, यावर गावाला सूट मिळणे न मिळणे अवलंबून होते.

चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या तेथील शिलालेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारातील देवघेवीवरील करापैकी मठाला काय मिळावे याची तजवीज त्यात नोंदलेली आहे. वाट्याची भाषा मराठीला आरंभापासून अवगत होती, याचा तो एक पुरावा होय.

४

आता शेकडेवारीच्या एका नेहमीच्या उदाहरणाकडे वळता येईल. साखरेचा भाव २५ टक्क्यांनी वाढला. खर्च पूर्वीइतकाच राहावा यासाठी वापर किती टक्क्यांनी कमी करावा? घाईत दिलेले उत्तर २५ असते. बरोबर उत्तर २० आहे. भाव सव्वापट झाला, म्हणजे चाराचे पाच झाले. वापर पाचाचे चार व्हावयास हवा, म्हणजे पंचमांशाने घटावयास हवा. वाढ मोजली ती जुन्या राशीच्या पावाने. घट मोजावयाची ती नव्या राशीच्या अंशाने. राशी मोठी झाल्यामुळे तोच फरक तिचा लहान अंश ठरतो.

‘लीलावती’तील विलोमविधीत याचा नेमका नियम आहे. राशीत तिचाच अंश मिळविलेला असेल तर उलट जाताना छेदात अंश मिळवावा. अंश वजा केलेला असेल तर छेदातून अंश वजा करावा. वरचा अंश आहे तसाच राहू द्यावा. १/४ वाढ उलटविताना १/५ घट. १/५ घट उलटविताना १/४ वाढ. शेकडा २० नी कापलेले वेतन पूर्ववत होण्यास २५ टक्के वाढ लागते, २० टक्के वाढीने १०० चे ९६ च होतात, ते यामुळेच. १० टक्के वाढ म्हणजे १/१०. उलट घट १/११, अर्थात शेकडा ९ पूर्णांक १/११. परीक्षेच्या शिकवणीवर्गांत जे ‘झटपट सूत्र’ म्हणून विकले जाते, ते आठ शतकांहून अधिक जुने आहे. मात्र नियम पाठ असूनही, ‘तिचाच अंश’ यातील ‘तिचा’ म्हणजे कोणत्या राशीचा हे न ओळखल्यास त्याचा उपयोग होत नाही.

५

शेषजाती आणि शेकडेवारी एकत्र आली की परीक्षेतील एक परिचित उदाहरण तयार होते. एकूण मतदारांपैकी ८० टक्क्यांनी मतदान केले. झालेल्या मतदानापैकी १० टक्के मते बाद ठरली. वैध मतांपैकी ५५ टक्के मते विजयी उमेदवाराला मिळाली. ती १,९८० होती. तर एकूण मतदार किती? तीन टक्के, तीन पाया. ‘लीलावती’तील इष्टकर्माप्रमाणे एक सोयीची संख्या, येथे १००, कल्पावी. १०० पैकी मतदान ८०. बाद ८, वैध ७२. ७२ चे ५५ टक्के ३९.६. पुढे त्रैराशिक : ३९.६ ला १००, तर १,९८० ला ५,०००. ज्याने ८० तून १० वजा करून ७० धरले, त्याने बाद मतांची षष्ठी एकूण मतदारांना लावली. त्याला ३८.५ मिळतात आणि मतदारांची संख्या अपूर्णांकात येते. मोडलेल्या कमळासारखा मोडलेला मतदारही वाचकाला सावध करतो.

पात्रतेचा हिशेब हेही याच प्रकारचे उदाहरण आहे. एका उमेदवाराने ८० पैकी ४० प्रश्न सोडविले, तर ६६ गुणांसाठी त्यांतील किती बरोबर असावयास हवेत? बरोबर उत्तरास अडीच गुण, चुकीच्या उत्तरास अडीचाच्या तृतीयांशाची वजावट. ३० बरोबर आणि १० चूक असल्यास ७५ मधून ८.३३ वजा जाऊन ६६.६७ गुण होतात, आणि उमेदवार तरतो. २९ बरोबर आणि ११ चूक असल्यास ७२.५ मधून ९.१७ जाऊन ६३.३३ राहतात, आणि तो बाद होतो. तरलेल्या उमेदवाराची उत्तरे सोडविलेल्या प्रश्नांच्या ७५ टक्के बरोबर आहेत, एकूण प्रश्नांच्या ३७.५ टक्के बरोबर आहेत, आणि त्याचे गुण एकूण गुणांच्या ३३ टक्क्यांहून किंचित अधिक आहेत. तिन्ही विधाने एकाच उत्तरपत्रिकेविषयीची असून तिन्ही खरी आहेत. ‘एक तृतीयांश प्रश्न बरोबर आले की झाले’ असे मानून बसलेल्या उमेदवाराने पाया ओळखण्यात केलेली चूक त्याला परीक्षेतील एका संधीच्या किमतीला पडते.

६

इंग्रजी मूळ आणि हिंदी अनुवाद यांच्यामधून वाट काढणाऱ्या मराठी उमेदवारासमोर येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली पदक्रमाची. इंग्रजीत अंश आधी येतो आणि पाया मागाहून. ‘उरलेल्या रकमेचा तृतीयांश’ यातील ‘तृतीयांश’ प्रथम वाचला जातो आणि ‘उरलेल्या रकमेचा’ नंतर. घाईतला वाचक अंश दिसताच आधीच्या वाक्यातील राशीला तो लावून मोकळा होतो. मराठीत व हिंदीत पाया आधी येतो आणि अंश मागाहून. येथे वाचनाचा क्रम आणि गणिताचा क्रम एकच असतो.

दुसरी अडचण विभक्तिप्रत्ययांची. हिंदीतील ‘से’ हा प्रत्यय साधन, अपादान आणि तुलना ही तिन्ही कामे करतो. मराठीत ही कामे ‘ने’, ‘हून’ किंवा ‘वरून’, आणि ‘पेक्षा’ यांत वाटली गेली आहेत. ‘२० टक्क्यांनी वाढला’ आणि ‘२० टक्क्यांवरून वाढला’ यांत मराठी वाचकाचा घोटाळा होण्याचे कारण नाही. हिंदीत ‘से’ कशाचा द्योतक आहे हे कित्येकदा पुढील शब्दांवरून ठरवावे लागते. २०१४ साली दिल्लीत झालेल्या उमेदवारांच्या आंदोलनात हिंदी अनुवादाच्या दुर्बोधतेची तक्रार ठळकपणे पुढे आली होती. त्या तक्रारीकडे राजकीय मागणी म्हणून पाहिले गेले. भाषाशास्त्रीय निरीक्षण म्हणूनही तिचा विचार व्हावयास हवा होता. अपूर्णांकाच्या उदाहरणात एक प्रत्यय सैल पडला की सगळे उदाहरण बदलते.

तथापि मराठी सर्वस्वी निर्दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘उत्पादन दुप्पट झाले’ याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘उत्पादन दुपटीने वाढले’ याचा शब्दशः अर्थ घेतला तर एकाचे तीन व्हावयास हवेत. रूढीने मात्र एकाचे दोनच समजले जातात. तसेच, एखादा वाटा ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला असता ‘१० टक्क्यांनी वाढला’ असे वृत्तपत्रे सर्रास लिहितात. वास्तविक शेकड्यामागे १० ची भर पडली. मूळ वाट्याच्या मानाने वाढ २५ टक्क्यांची आहे. अशा ठिकाणी रूढी काय म्हणते हे ध्यानी घेऊन पाया शब्दांत लिहून काढणे हाच सुरक्षित मार्ग होय.

७

वरील विवेचनावरून वाचनाची एक साधी पद्धत निष्पन्न होते. उदाहरणातील प्रत्येक अंशापुढे, प्रत्येक टक्क्यापुढे ‘कशाचा?’ असे विचारून उत्तर स्वभाषेत, षष्ठीसह लिहावे : ‘एकूण मतदारांचे’, ‘झालेल्या मतदानाचे’, ‘वैध मतांचे’. सर्व पाये एकच असतील तर दृश्यजाती, म्हणून अंशांची बेरीज. पाया दर वेळी शेषाचा असेल तर शेषजाती, म्हणून शेषांचा गुणाकार. अंतराचा असेल तर अंतर आधी काढावे. त्यानंतर इष्ट संख्या कल्पावी, त्रैराशिक मांडावे, आणि आलेले उत्तर मूळ कथेत घालून पाहावे. मधल्या एखाद्या पायरीवर भुंगा, कमळ वा मतदार मोडला, तर गणित पुन्हा तपासण्याऐवजी वाक्य पुन्हा वाचावे.

शाळांत मराठीचा तास आणि गणिताचा तास वेगळे असतात. विभक्तीचा कारकार्थ एका तासाला शिकविला जातो आणि शेकडेवारी दुसऱ्या तासाला. दोहोंची गाठ पडते ती थेट परीक्षागृहात, दोन तासांच्या मर्यादेत आणि बहुधा परभाषेत. ती गाठ वर्गातच घालून देणे शिक्षकांना अशक्य नाही. षष्ठी शिकविताना यात्रेकरूचे उदाहरण घ्यावे आणि शेकडेवारी शिकविताना ‘चा’, ‘ने’, ‘वरून’ आणि ‘पैकी’ यांचे अर्थ फळ्यावर मांडावेत. ज्या विद्यार्थ्याला सव्वाशे आणि पावणेदोनशे घरातच समजलेले असतात, त्याला तेवढ्याने पुष्कळ अंतर काटता येईल.